पूलभोवतीचा कोबा: एपॉक्सी नको, आधी एक पावसाळा बघा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. लोणावळ्याजवळ बंगला आहे, स्विमिंग पूल ९ वर्षांपूर्वीचा. भोवती साधारण १२०० चौरस फुटांचा काँक्रीटचा कोबा आहे. त्याचा वरचा थर पोपडे धरून निघतोय, काही ठिकाणी खडी उघडी पडून अनवाणी पायाला टोचते. पूलच्या लांब बाजूला समांतर अशी एक भेग पडली आहे. पायऱ्यांजवळच्या कोपऱ्यात पाणी साचतं आणि पावसाळ्यात तिथे शेवाळ धरतं. एप्रिल संपत आलाय. रंगकाम करणारा म्हणतो, ‘एपॉक्सीचे दोन हात मारू, जूनच्या आत काम संपवून देतो.’ दुसरा कंत्राटदार म्हणतो, ‘सगळं फोडा आणि फरशी बसवा.’ कोणाचं ऐकावं, असं तुम्ही विचारताय.

माझं उत्तर: दोघांचंही नको, आणि या मे महिन्यात तर मोठं काहीच नको. हे काम डिसेंबरचं आहे. मधला पावसाळा वाया जाणार नाही, कारण कोब्यात नक्की काय बिघडलंय हे तोच तुम्हाला दाखवणार आहे.

एपॉक्सीला, म्हणजे दोन घटक मिसळून मारायच्या त्या घट्ट रेझिनच्या थराला, मी इतका ठाम नकार का देतो ते आधी सांगतो. लोणावळ्यात एका मोसमात ४००० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो. घाटमाथ्यावरच्या कोब्याला पाणी फक्त वरून मिळत नाही, खालूनही मिळतं. खालचा मुरूम चार महिने भिजलेला असतो. कोबा घालताना खाली प्लास्टिकचा कागद अंथरलेला असेल तर ठीक, पण बंगल्यांच्या कामात तो बहुतेक वेळा नसतोच. सप्टेंबर-ऑक्टोबरात ऊन पडलं की ही ओल कोब्यातून वर यायला लागते आणि येताना सिमेंटमधला विरघळलेला चुना सोबत आणते. कोबा उघडा असेल तर ओल वाफ होऊन उडून जाते, वर पांढरा लोणा दिसतो आणि तो धुऊन काढता येतो. वर एपॉक्सीची बंद फिल्म असेल तर वाफेला वाट मिळत नाही. मग दिवाळीपर्यंत फुगे येतात, फुगे फुटतात आणि फुटलेला एपॉक्सी कोब्याचा वरचा कमकुवत थर सोबत घेऊन निघतो. शिवाय साधा एपॉक्सी उन्हात पिवळा पडतो आणि त्याची पावडर सुटते. ओला झाला की त्यावरून पाय घसरतो. गॅरेज, गोदाम, कारखाना अशा छपराखालच्या कोरड्या फ्लोअरला तो उत्तम आहे. जमिनीला टेकलेल्या, उन्हापावसातल्या, ओल्या अनवाणी पायांच्या जागेला तो लावू नये.

इंटरनेटवर जे व्हिडिओ दिसतात त्यांतले पुष्कळसे ॲरिझोना, कॅलिफोर्निया, फ्लोरिडातल्या घरांचे आहेत. ते लोक चुकीचं सांगत नाहीत, पण त्यांचं हवामान त्यांच्यापुरतं आहे. ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, तेवढा लोणावळ्यात जुलैच्या एका दिवसात पडू शकतो. तिथे चकचकीत सॉल्व्हंटवाला ॲक्रिलिक सीलर (पाणी आत शिरू नये म्हणून वरून मारायचा पातळ हात) छान दिसतो. इथे तोच सीलर पहिल्याच पावसात खालच्या ओलीने दुधाळ पांढरा पडतो. म्हणून आपल्याकडे कोणताही थर निवडताना मी पहिलं विचारतो: यातून वाफ बाहेर पडते का?

फरशीबद्दल थोडक्यात. फरशी आणि तिच्याखालचा माल मिळून कोबा सव्वा-दीड इंच उंच होईल. मग कोपिंगचा, म्हणजे पूलच्या काठावर बसवलेला, दगड खड्ड्यात गेल्यासारखा होतो, डेकचं, म्हणजे पूलभोवतीच्या या कोब्याचं, पाणी पूलमध्ये जायला लागतं आणि बंगल्याच्या दाराचा उंबरा पाण्याच्या पातळीला येतो. हे टाळायला सगळा कोबा फोडावा लागतो. तो खर्च तेव्हाच करावा, जेव्हा खालचा भराव, म्हणजे कोब्याखाली भरलेली माती-मुरूम, सगळीकडे खचलेला असेल. तुमच्या वर्णनावरून तसं वाटत नाही.

आता त्या समांतर भेगेकडे वळू, कारण तुमच्या प्रश्नातला खरा मुद्दा मला ती भेग वाटते, पोपडे नव्हेत.

पूल बांधताना खड्डा पूलपेक्षा मोठा खणतात. भिंतीला बाहेरून शटरिंग लावायला आणि वॉटरप्रूफिंग करायला दोन-तीन फूट जागा लागते. पूल झाला की ती मोकळी पट्टी भरून घेतात. नियमाने ती सहा-सहा इंचांच्या थरांत मुरूम टाकून, पाणी मारून, प्रत्येक थर धुमसाने किंवा कॉम्पॅक्टरने दाबून भरायची असते. प्रत्यक्षात जेसीबी खोदलेली माती, दगड, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या सगळं एकदम लोटून देतो आणि आठ दिवसांत त्यावर कोबा पडतो. तो भराव पुढची कित्येक वर्षं खाली बसत राहतो. कोब्याची आतली कड पूलच्या भिंतीवर टेकलेली, बाहेरची कड न खणलेल्या पक्क्या जमिनीवर आणि मधली पट्टी अधांतरी. म्हणून भेग पूलला समांतर पडते, कडेपासून दोन-तीन फुटांवर. तुमची भेग त्याच अंतरावर असेल तर कारण जवळजवळ ठरलंच समजा. अशा भेगेवर कितीही महाग थर दिला तरी पुढच्या वर्षी ती त्याच रेषेत वर येते.

(पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडे किंवा नाशिक-नगरकडे काळ्या मातीत बांधलेले पूल हा वेगळाच विषय आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे तिथे कोबा दरवर्षी वर-खाली होतो. तिथे आधी माती बदलावी लागते, पृष्ठभागाचा विचार त्यानंतर.)

तपासणी तुम्ही स्वतः करू शकता, त्याला कोणी बोलवायची गरज नाही. छोटी हातोडी घ्या आणि दर फुटावर हलके ठोके मारत संपूर्ण कोबा फिरा. घट्ट जागी टणक, वरच्या पट्टीतला आवाज येतो. पोकळ जागी ढप्प येतो. जड लोखंडी साखळी ओढत नेली तर काम लवकर होतं, पोकळ जागेवर तिचा आवाज बदलतो. जिथे जिथे ढप्प येईल तिथे खडूने गोल करा आणि फोटो काढून ठेवा. वरवरचा पोपडा असेल तर पोकळ जागा वेड्यावाकड्या आणि सगळीकडे विखुरलेल्या दिसतात. भराव बसला असेल तर पूलच्या कडेने सलग पट्टी दिसते.

मग पाण्याचे थेंब टाका. सकाळी कोरड्या कोब्यावर चमचाभर पाणी ओतून बघा. लगेच शोषलं गेलं तर कोबा उघडा आहे, सीलर शिल्लक नाही. थेंब गोळा होऊन बसला तर आधी कधीतरी सीलर किंवा रंग मारलेला आहे आणि तो काढल्याशिवाय नवा थर धरणार नाही.

मे महिन्यात करायचं काम एवढंच: भेग तारेच्या ब्रशने साफ करून त्यात पॉलियुरेथेन सीलंट (रबरासारखा लवचिक राहणारा भरणा) भरा, म्हणजे पावसाचं पाणी भेगेतून खाली जाऊन मुरमातला बारीक माल वाहून नेणार नाही. ड्रेनचे चॅनेल आणि जाळ्या साफ करा. निखळलेले टोकदार तुकडे काढून टाका, कोणाच्या पायाला लागायला नकोत. भेगेच्या दोन्ही टोकांना आडवी रेघ मारून शेजारी ऑइल पेंटने तारीख लिहा. सीलंट भरलेल्या भागाच्या जरा पुढे, जिथे भेग बारीक आहे, तिथे काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना सिमेंटने चिकटवा. खाली हालचाल झाली तर काच तडकते.

जून ते सप्टेंबर बघत राहा. मोठी सर थांबल्यावर अर्ध्या तासाने जाऊन साचलेल्या पाण्याची कड खडूने आखा आणि फोटो घ्या. शेवाळ कुठे धरतं ते बघा, म्हणजे ढाळ कुठे चुकलाय ते कळेल. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात, कोबा वरून कोरडा दिसायला लागला की दीड फूट बाय दीड फुटांचा जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि किमान १६ तास तसाच ठेवा. काढल्यावर आतून दवासारखं पाणी दिसलं किंवा खालचा कोबा काळपट झाला असेल, तर खालून ओल येते आहे. ही चाचणी मे महिन्यात केली तर कोरडीच येणार आणि तुमची दिशाभूल करणार.

शेवाळ काढताना एक गोष्ट माळ्याला आणि पूल सांभाळणाऱ्याला समोर बसवून सांगा. पंपरूममध्ये क्लोरीन, म्हणजे हायपोक्लोराइट किंवा ब्लीचिंग पावडर, आणि ॲसिड ही दोन्ही असतात. ती कधीही एकत्र येता कामा नयेत. एकाने धुतलेल्या जागेवर ती नीट विसळल्याशिवाय दुसरं ओतायचं नाही, एकाच बादलीत तर नाहीच. ती एकत्र आली की विषारी क्लोरीन वायू सुटतो आणि बंद पंपरूममध्ये त्याने माणूस दगावू शकतो. शेवाळासाठी पातळ हायपोक्लोराइट, ताठ ब्रश आणि भरपूर पाणी पुरेसं आहे. शेवाळासाठी ॲसिडची गरज नाही, त्याने कोबा मात्र खाल्ला जातो.

ऑक्टोबरात तुमच्यासमोर तीनपैकी एक चित्र असेल.

काच शाबूत, भेग तिथेच, ढप्प आवाज थोड्याच ठिकाणी: तर फक्त वरचा थर गेलेला आहे. भेग कटरने ८-१० मिमी रुंद आणि तेवढीच खोल खाचून, झाडून, पॉलिमर मॉर्टरने (पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या मालाने) किंवा पातळ एपॉक्सीने भरा. हो, भेगेच्या आत एपॉक्सी चालतो. तिथे तो अरुंद जागेत बसतो आणि ऊनही लागत नाही.

काच तडकली किंवा पूलच्या कडेने सलग पोकळ पट्टी सापडली: तर तेवढी पट्टी फोडावी लागेल, सगळा डेक नाही. कटरने सरळ रेषेत कापून घ्या. त्याआधी जुने नकाशे किंवा बांधणाऱ्याकडून पाइप आणि वायरींची माहिती काढा. रिटर्न लाइन (गाळलेलं पाणी पूलमध्ये परत आणणारा पाइप), स्किमरची (पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाची) लाइन, पाण्याखालच्या दिव्यांच्या वायरी याच पट्टीतून जातात. मेन स्विच बंद करूनच कटर लावा. भुसभुशीत भराव काढून नवा मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी आणि प्लेट कॉम्पॅक्टर वापरून भरा. त्यावर जाड प्लास्टिक कागद, मग जाळी घालून ४-५ इंचांचं चांगल्या प्रतीचं काँक्रीट, एम-२५ असलं तर उत्तम. पूलच्या भिंतीला ते चिकटू देऊ नका, मध्ये १२ मिमीची फोमची पट्टी उभी करा. या नव्या काँक्रीटला २८ दिवस गेल्याशिवाय त्यावर थर नाही. म्हणूनच मी दिवाळीनंतर लगेच हे उरकायला सांगतो, म्हणजे वरचं काम डिसेंबरच्या मध्यापासून करता येतं.

तिसरं चित्र दुर्मीळ, पण दिसलं तर आनंद माना. पोपडे झाडून, दाबाच्या पाण्याने धुतल्यावर खालचा कोबा टणक आणि बऱ्यापैकी एकसारखा निघतो. तसं असेल तर ओव्हरलेचा, म्हणजे जुन्या कोब्यावर द्यायच्या पॉलिमर-सिमेंटच्या नव्या पातळ थराचा, खर्च करूच नका. खड्डे भरा, वाफ जाऊ देणारा सिलेन-सिलॉक्सेन सीलर मारा आणि थांबा. उघडी खडी दिसायला खराब असतेच असं नाही. बारीक घासली की ती छान दिसते आणि पायाला पकडही देते.

पहिल्या किंवा दुसऱ्या चित्रात ओव्हरले करायचा ठरला तर पूल रिकामा करू नका. पावसाळ्यानंतर जमिनीतलं पाणी अजून वर असतं आणि रिकाम्या पूलला ते खालून उचलू शकतं, टाकीसारखा पूल वर येऊन तडकल्याची उदाहरणं आहेत. पाणी राहू द्या, पंप बंद ठेवा, स्किमर बुजवा आणि पृष्ठभागावर ताडपत्री ताणा. ओव्हरफ्लोचं चॅनेल असेल तर त्याचे निचरे कापडाने बंद करा, नाहीतर सिमेंटची रबडी थेट बॅलन्सिंग टँकमध्ये (ओसंडलेलं पाणी जमा होणाऱ्या टाकीत) जाते.

जुना थर काढायला डायमंड ग्राइंडिंग मशीन आणि २०० बारच्या आसपासचा वॉटर जेट. आपल्याकडे अजून पुष्कळ लोक ॲसिड ओतून ‘खरखरीत’ करतात. पूलजवळ मला ते मान्य नाही. ॲसिडची वाफ स्टीलच्या शिडीला आणि रेलिंगला गंज आणते. भेगेतून खाली गेलेला क्लोराइड सळ्यांपर्यंत पोहोचतो. आणि नीट धुतलं गेलं नाही तर उरलेले क्षारच नव्या थराची पकड सोडवतात. ग्राइंडिंगची धूळ दिसते साधी, पण तिच्यातली बारीक सिलिका फुप्फुसात बसते आणि तिने होणाऱ्या सिलिकोसिसला इलाज नाही. व्हॅक्युम जोडलेलं मशीन मागा, कामगारांना रुमाल नव्हे तर बरोबर बसणारे एन-९५ मास्क द्या आणि ते शेवटपर्यंत तोंडावर राहतील हे स्वतः बघा. ही जबाबदारी मालकाचीही आहे असं मी मानतो.

कुठे सळई गंजून तांबूस डाग आले असतील तर तिथलं काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढून, सळई चकाकेपर्यंत घासून, गंजरोधक थर देऊन पॉलिमर मॉर्टरने भरावं. वरून नुसतं लिंपू नये.

ढाळ याच टप्प्यावर सुधारायचा. डेकचा ढाळ पूलपासून दूर, ड्रेनकडे हवा, साधारण ५० ला १, म्हणजे १० फुटांना सुमारे अडीच इंच. लेव्हल ट्यूबने पातळ्या घ्या, ‘डोळ्यांनी बरोबर दिसतंय’ यावर जाऊ नका. पाणी साचणारा तुमचा तो कोपरा पॉलिमर मॉर्टरने उचलून घ्यावा लागेल. ओव्हरले ३-४ मिमीचा असतो, त्याने ढाळ बदलत नाही.

आता सांधे. माझ्या मते पूल डेकच्या दुरुस्त्या सर्वांत जास्त इथे फसतात. कोपिंगचा दगड पूलच्या भिंतीवर बसलेला असतो आणि कोबा जमिनीवर. दोघांची हालचाल वेगळी. पूलमधलं पाणी थंड, कोबा दुपारी तापलेला. भिंत खोल पायावर, कोबा वरवर. म्हणून या दोघांमध्ये सलग मोकळा सांधा असतो किंवा असायला हवा. मिस्त्रीला तो सांधा म्हणजे राहून गेलेलं काम वाटतं आणि तो मोठ्या प्रेमाने सिमेंटने भरून, वरून ओव्हरले एकसंध ओढून देतो. पहिल्या उन्हाळ्यात तिथे तडा जातो, त्यातून पाणी कोपिंगखाली शिरतं, कोपिंग सुटतं आणि भराव पुन्हा बसायला लागतो. तुमची समांतर भेग कदाचित असाच भरून टाकलेल्या सांध्यामुळेच सुरू झाली असेल, तेवढं जरूर तपासा.

सांधा १२ मिमी रुंद, स्वच्छ आणि पूर्ण कोरडा करून घ्या. आत सांध्यापेक्षा थोडा जाड फोमचा गोल दोर दाबून बसवा आणि वर साधारण ६ मिमी जाडीचा सीलंट भरा. दोर घालायचं कारण असं की सीलंट फक्त दोन बाजूंच्या कडांना चिकटावा, तळाला चिकटू नये. तीन बाजूंनी धरलेला सीलंट ताणला जाऊ शकत नाही, तो फाटतो. पूलच्या क्लोरीनच्या पाण्यात चालणारा पॉलिसल्फाइड किंवा पॉलियुरेथेन सीलंट घ्या आणि ‘क्लोरीनच्या पाण्यात चालेल’ हे विक्रेत्याकडून लिहून घ्या. घरगुती ॲक्रिलिक सीलंट इथे टिकत नाही. कोब्याचे स्वतःचे सांधे, ४ इंची कोब्याला साधारण ८ ते १० फुटांवर असायला हवेत ते, ओव्हरलेमध्येही त्याच रेषेत उमटले पाहिजेत. नसतील तर कटरने इंचभर खोल मारून घ्या. हलणारी भेग असेल तर तिलाही सरळ करून सांधाच बनवा. भेग लपवण्यापेक्षा तिला रेषेत आणणं शहाणपणाचं.

ओव्हरलेचा माल म्हणजे पॉलिमर मिसळलेलं तयार सिमेंट मिश्रण, पूल डेकसाठीचं. अंदाजपत्रक तपासायचा सोपा हिशेब: १ चौरस मीटरवर १ मिमी जाडीला १ लिटर माल लागतो आणि ओला माल लिटरला साधारण २ किलो भरतो. तुमचे १२०० चौरस फूट म्हणजे सुमारे १११ चौरस मीटर. ४ मिमीच्या थराला ४४५ लिटर, म्हणजे ९०० किलोच्या आसपास माल हवा, वाया जाणारा वेगळा. कोणी २५ किलोच्या १५ पिशव्यांत काम करून देतो म्हणाला, तर तो तुम्हाला २ मिमीपेक्षाही पातळ थर देणार आहे.

सगळ्या डेकवर जाण्याआधी एका कोपऱ्यात दोन फुटांचा नमुना घालून घ्या, तोही तुमच्याच तयारी केलेल्या कोब्यावर. आठवड्याने छिन्नी लावून उचला. थर खालचं काँक्रीट सोबत घेऊन निघाला तर पकड चांगली आहे. खालून स्वच्छ, गुळगुळीत निघाला तर तयारी अपुरी आहे, पुन्हा घासा. नमुन्यावर पाणी टाकून अनवाणी चालूनही बघा. कंपनीकडे घसरण चाचणीचा कागद असेल तर ओल्या अवस्थेतला पेंड्युलम आकडा ३६ किंवा जास्त, किंवा अनवाणी पायांसाठीच्या जर्मन डीआयएन ५१०९७ चाचणीत किमान वर्ग ‘बी’ आहे का ते पाहा.

प्रत्यक्ष थर देताना कोबा ओलसर हवा, पण वर पाणी चमकता कामा नये. प्रायमर कंपनीने सांगितलेलाच वापरा. पीव्हीए जातीचा पांढरा गोंद सिमेंटात मिसळण्याची सवय काही मिस्त्र्यांना असते. तो ओलीत पुन्हा मऊ होतो, पूलजवळ त्याला थारा नाही. पाणी पिशवीवर लिहिलंय तेवढंच, मापाच्या भांड्याने. ‘जरा सैल करतो, चांगलं पसरेल’ हे वाक्य ऐकू आलं की तिथेच थांबवा. डिसेंबरात लोणावळ्याला पहाटे भरपूर दव पडतं, ते सुकल्यावर साडेनऊ-दहाला सुरू करा आणि वर हिरवी जाळी बांधून सावली ठेवा. रंग फिका निवडा. गडद करडा किंवा विटकरी रंग फोटोत देखणा दिसतो, पण एप्रिलच्या दुपारी त्यावर लहान मुलांचे पाय भाजतात.

इथे दोन सवयी मोडाव्या लागतात आणि त्या चांगल्या, अनुभवी गवंड्यांच्या सवयी आहेत म्हणून जास्त कठीण जातात. पहिली घोटाई. आपल्या गवंड्याला कोबा आरशासारखा घोटण्याचा अभिमान असतो आणि घरात तो रास्तही आहे. पूलच्या कडेला घोटलेला कोबा म्हणजे मोडलेलं मनगट. शेवटचा हात स्पंजचा किंवा मऊ ब्रशचा, नाहीतर फवाऱ्याने शिंतोडे मारून पाट्याने हलके दाबलेला. दुसरी सवय पाणी मारण्याची. साध्या कोब्याला सात दिवस पाणी हवं, ते बरोबर. पॉलिमर असलेल्या थराला साधारण एक दिवस ओल पुरते, त्यानंतर तो हवेवर सुकावा लागतो, कारण आतलं पॉलिमर सुकल्यावरच एकसंध होतं. सात दिवस नळी चालू ठेवली तर तेच काम बिघडतं. नक्की किती ते पिशवीवर लिहिलेलं असतं, ते गवंड्याला वाचून दाखवा.

सीलर शेवटी. उघड्या कोब्याला सिलेन-सिलॉक्सेन, हे मी वर सांगितलंच. तो छिद्रांत शिरतो, पाणी झटकतो, वाफ जाऊ देतो, रंग फारसा बदलत नाही आणि पायाची पकड तशीच ठेवतो. पण पॉलिमरचा ओव्हरले कमी शोषतो, त्यामुळे त्यात हा सीलर पुरेसा शिरेल की नाही ते नमुन्यावर थेंब टाकून ठरवा. शिरत नसेल तर ओव्हरलेच्याच कंपनीचा पाण्यावर आधारित मॅट ॲक्रिलिक सीलर घ्या, दोन अगदी पातळ हात, दुसरा पहिल्याच्या आडव्या दिशेने आणि त्यात बारीक अँटी-स्किड पावडर. जाड एक हात कधीही नाही, तो पांढरा पडतो आणि सोलतो. लिथियम किंवा सोडियम सिलिकेटला काही दुकानदार सीलर म्हणून विकतात. ते कोबा कडक करतात, पाणी थांबवत नाहीत. सीलर मारण्याआधी ओव्हरलेवर पुन्हा एकदा रात्रभर प्लास्टिकचा तुकडा चिकटवून बघा. खाली ओल दिसली तर आणखी आठवडा थांबा. कामाच्या दिवशी दुपारी दोनपर्यंत शेवटचा हात संपवा, म्हणजे संध्याकाळच्या दवाआधी तो सुकेल.

पुढचे आठ दिवस आरामखुर्च्या, कुंड्या, रबरी मॅट काही ठेवू नका. रबर आणि मऊ प्लास्टिक ॲक्रिलिकवर कायमचे डाग पाडतात, तेव्हा मॅट नंतरही पडून राहू देऊ नका. तुमच्या पूलला सॉल्ट क्लोरिनेटर (मिठापासून क्लोरीन बनवणारं यंत्र) असेल तर कडेचा फूट-दीड फूट भाग आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवायला सांगा, क्षार तिथेच साठतात. दरवर्षी पावसाळ्याआधी थेंबाची चाचणी करा. थेंब शोषला जायला लागला की सीलरचा नवा हात द्या. ॲक्रिलिकला ही वेळ बहुधा एक ते तीन वर्षांत येते, सिलेन-सिलॉक्सेनला बरीच उशिरा.

कंत्राट लिहिताना ‘डेक दुरुस्ती, अमुक रुपये चौरस फूट’ असं एक ओळीचं घेऊ नका. ग्राइंडिंग, पट्टी फोडून भराव, सांधे रनिंग फुटांवर, ओव्हरले किलोत, सीलर लिटरमध्ये, अशी वेगवेगळी कलमं मागा. पिशव्यांचे आणि डब्यांचे बॅच नंबर लिहून ठेवा, एक पिशवी न उघडलेली मागे ठेवू नका कारण ती सहा-आठ महिन्यांत दगड होते. आणि रकमेचा दहावा हिस्सा पुढच्या ऑक्टोबरात, एक पावसाळा गेल्यावर द्यायचा हे आधीच ठरवून घ्या. काम करणारा चांगला असेल तर तो या अटीला हरकत घेणार नाही.

हातोडीने काढलेले खडूचे गोल आणि भेगेचं पूलच्या कडेपासूनचं अंतर कळवलंत, तर पट्टी फोडावी लागेल की नाही हे मी आत्ताच बरंच नक्की सांगू शकेन.